ट्यूब की ट्रान्झिस्टर? आधी स्पीकरचा कागद वाचा

घरी गाणी ऐकण्यासाठी ॲम्प्लिफायर (ॲम्प) घेताना दोन जाती समोर येतात: काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ट्यूब ॲम्प आणि ट्रान्झिस्टरवर चालणारा. इथे बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी ‘ट्यूबच घ्यायचा’ किंवा ‘ट्यूबच्या भानगडीत पडायचं नाही’ हे मनात पक्कं होतं, मग मॉडेल ठरतं, आणि घरी आल्यावर तो ॲम्प आहेत त्या स्पीकरना जोडला जातो. त्यानंतर तक्रारी सुरू होतात. बास सैल वाटतो, आवाज जरा वाढवला की गाणाऱ्याचा स्वर चिरकतो, आधीच्या साध्या ॲम्पवर हेच स्पीकर बरे वाजत होते. अशा वेळी ट्यूबला किंवा ट्रान्झिस्टरला बोल लावण्यात अर्थ नसतो. जोडीच चुकलेली असते.

म्हणून इथल्या पायऱ्या स्पीकरपासून सुरू होतात आणि ॲम्पपर्यंत उशिरा पोचतात. क्रम मोडू नका. पहिल्या तीन पायऱ्या घरबसल्या कागदावर होतात आणि तेवढ्यातच निम्मे पर्याय आपोआप गळतात. कुठेही ऐकायला जाण्याआधी त्या पुऱ्या करा.

## पायरी १: चार गोष्टी लिहून काढा

पहिली, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. ती डेसिबलमध्ये दिलेली असते: स्पीकरपासून १ मीटरवर किती आवाज येतो तो आकडा. तो कशावर मोजलाय हेही सोबत लिहा. ‘१ वॅट’ आणि ‘२.८३ व्होल्ट’ ही दोन मापं एकच समजली जातात, आणि ८ ओहमच्या स्पीकरसाठी ती खरंच एक आहेत. पण ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की तो २ वॅट घेतो. म्हणजे कागदावर ९० डेसिबल दिसणारा ४ ओहमचा स्पीकर प्रत्यक्षात एका वॅटला ८७च देतो. ३ डेसिबलचा हा फरक भरून काढायला दुप्पट वॅट लागतात.

दुसरी, इम्पीडन्स, म्हणजे ॲम्पकडून येणाऱ्या करंटला स्पीकर करतो तो अडथळा. ‘८ ओहम’ ही फक्त ओळख असते. खरा इम्पीडन्स प्रत्येक स्वराला वेगळा असतो. त्यातला सर्वांत खालचा आकडा शोधा. तो कंपनीच्या माहितीपत्रकात किंवा एखाद्या परीक्षणातल्या मोजमापाच्या आलेखात सापडतो.

तिसरी, तुमच्या खुर्चीपासून स्पीकरचं अंतर. टेप लावून मोजा. अंदाजात लोक हटकून कमी धरतात.

चौथी, तुम्ही किती मोठ्याने आणि दिवसाला किती तास ऐकता. फोनवर आवाज मोजण्याचं ॲप घ्या, नेहमीच्या पातळीवर गाणं लावा आणि खुर्चीत बसून सरासरी बघा. ॲपमध्ये थोडीफार चूक असेल, पण इथे अचूकपणाची गरज नाही. तुम्ही ७० च्या आसपास ऐकणारे आहात की ८५ च्या, एवढं कळलं तरी पुरे.

तपासा: सेन्सिटिव्हिटीचं माप, किमान इम्पीडन्स, अंतर आणि नेहमीची पातळी, चारही कागदावर आली? एखादी राहिली असेल तर पुढची गणितं हवेत राहतील.

## पायरी २: लागणारे वॅट काढा

नियम दोनच. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. वॅट दहापट केले की १० डेसिबलने, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. स्पीकर ८७ डेसिबलचा, खुर्ची ३ मीटरवर. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्याने घट कमी असते. ३ मीटरसाठी ६ डेसिबल वजा धरा. दोन स्पीकर आहेत म्हणून ३ मिळवा. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिला तर खुर्चीत सुमारे ८४ डेसिबल पोचतात.

तुम्ही सरासरी ७५ वर ऐकत असाल तर चालू गाण्याला वॅटचा आठवा हिस्सा पुरतो. इथेच बरेच जण थांबतात आणि फसतात. चांगल्या ध्वनिमुद्रणात ड्रमचा ठोका किंवा पियानोवरचा जोरकस आघात सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतो. तो क्षण ९५ चा. त्यासाठी ८४ च्या वर ११ डेसिबल हवेत, म्हणजे सुमारे साडेबारा वॅट.

आता तोच स्पीकर, तीच खोली, पण ऐकणारा सरासरी ८५ वर ऐकतो. क्षणिक आघात १०५ वर जातील आणि लागतील सुमारे १२५ वॅट. श्रोता बदलला आणि गरज दहापट झाली. (रोज तासन्‌तास ८५ च्या वर ऐकणं कानांना धोक्याचं असतं. हा आकडा बघून पातळी खाली आणावीशी वाटली तर जरूर आणा.)

स्पीकर ९५ डेसिबलचा असता तर हेच आकडे अनुक्रमे २ वॅट आणि २० वॅट झाले असते.

आता हे आकडे ट्यूबच्या जगाशी ताडून बघा. चॅनेलमागे (डाव्या आणि उजव्या बाजूला प्रत्येकी) एकच ट्यूब वाजवणाऱ्या, म्हणजे सिंगल-एंडेड ॲम्पमध्ये २ए३ नावाच्या ट्यूबकडून साधारण साडेतीन वॅट मिळतात, ३००बी कडून ८ च्या आसपास. दोन ट्यूब जोडीने काम करतात त्या पुश-पुल ॲम्पमध्ये ईएल८४ ची जोडी १० ते १७ वॅट देते, ईएल३४ ची ३० ते ५०, केटी८८ ची ५० ते १००. ट्रान्झिस्टरमध्ये १०० वॅट ही सहज मिळणारी गोष्ट आहे.

म्हणजे ८७ डेसिबलचा स्पीकर आणि ३००बी ही जोडी हळू ऐकणाऱ्यालाही अपुरी पडेल. कितीही लोभस दिसली तरी ती यादीतून काढा.

सावधान: वॅटचा आकडा किती विकृतीला (मूळ आवाजात ॲम्पने केलेल्या भेसळीला) मोजलाय ते पाहा. १ टक्का विकृतीपर्यंतचे वॅट आणि १० टक्क्यांपर्यंतचे वॅट यांत मोठी तफावत पडते, आणि जाहिरातीत मोठाच आकडा येतो. दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू ठेवून मोजलंय का, हेही बघा.

‘ट्यूबचा एक वॅट ट्रान्झिस्टरच्या तीन वॅटांइतका’ असं सर्रास सांगितलं जातं. वॅट तो वॅटच. फरक क्षमता संपताना दिसतो. कमी फीडबॅकचा (फीडबॅक म्हणजे आउटपुटचा काही भाग परत आत नेऊन चूक सुधारणं) ट्यूब ॲम्प मर्यादेला हळूहळू भिडतो, आघाताची टोकं गोलसर होतात आणि कान ते बराच वेळ खपवून घेतो. ट्रान्झिस्टर मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम कापतो. म्हणून ट्यूब ॲम्प थोडा अपुरा असला तरी निभावून नेतो. तो जास्त जोरात मात्र वाजत नाही.

## पायरी ३: स्पीकर आणि ॲम्पचा इम्पीडन्स जुळवा

सर्वांत कमी पाळली जाणारी आणि सर्वांत जास्त फरक पाडणारी पायरी ही आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

प्रत्येक ॲम्पला स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स असतो. ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये तो बहुधा ०.१ ओहमपेक्षा कमी. ट्यूब ॲम्पमध्ये १ ते ३ ओहम सहज असतो, फीडबॅक नसलेल्या काहींत त्याहून जास्त. कागदावर तो सरळ दिला नसेल तर डॅम्पिंग फॅक्टर शोधा आणि ८ ला त्याने भागा. डॅम्पिंग फॅक्टर ४ म्हणजे आउटपुट इम्पीडन्स २ ओहम.

याने होतं काय? ॲम्पमधलं व्होल्टेज या दोन इम्पीडन्समध्ये वाटलं जातं. समजा स्पीकरचा इम्पीडन्स एका ठिकाणी ४ ओहमपर्यंत खाली येतो आणि दुसऱ्या ठिकाणी २० ओहमपर्यंत चढतो. ॲम्पचा २ ओहम. जिथे स्पीकर ४ ओहमचा आहे तिथे सुमारे साडेतीन डेसिबल कमी मिळतात. जिथे २० चा आहे तिथे जेमतेम ०.८ डेसिबल जातात. दोन ठिकाणांमध्ये २.७ डेसिबलचा फरक पडला. तेच ०.०५ ओहमच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर हा फरक डेसिबलच्या दहाव्या हिस्स्याइतका उरतो.

२.७ डेसिबल म्हणजे टोन कंट्रोल फिरवल्यासारखा, स्पष्ट ऐकू येणारा बदल. लोक ज्याला ‘ट्यूबची ऊब’ म्हणतात, तिचा मोठा हिस्सा इथे तयार होतो, आणि तो प्रत्येक स्पीकरवर वेगळा असतो. एका मित्राच्या स्पीकरवर मोहक वाटलेला ॲम्प तुमच्या स्पीकरवर बोजड का वाटतो, त्याचं उत्तर हेच.

आलेख असा वाचा. इम्पीडन्सची रेषा साधारण सपाट असेल, ६ ते १० ओहमच्या पट्ट्यात, तर ट्यूब ॲम्प त्या स्पीकरचा स्वभाव फारसा बदलणार नाही. बासमध्ये उंच शिखर असेल, आणि जमिनीवर उभ्या राहणाऱ्या बहुतेक स्पीकरमध्ये तशी दोन शिखरं असतात, तर त्या भागात आवाज फुगेल. रेषा ३ ओहमच्या खाली उतरत असेल तर ट्यूबचा विचार सोडा आणि भरपूर करंट देणारा ट्रान्झिस्टर ॲम्प बघा.

ट्यूब ॲम्पच्या मागे ४, ८ आणि कधी १६ ओहमची वेगळी टर्मिनलं असतात. स्पीकर ‘८ ओहमचा’ आहे म्हणून तार ८ वर लावून विसरू नका. ४ च्या टर्मिनलवर ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स कमी असतो. वॅट थोडे जातात, पण बास बहुधा आवळतो. दोन्हींवर ऐका. दर वेळी ॲम्प बंद करूनच तार हलवा.

तपासा: आता यादीत किती ॲम्प उरले? वॅट आणि इम्पीडन्स दोन्ही गाळण्यांतून गेलेलेच पुढे न्या.

## पायरी ४: ट्यूब न घेता ट्यूबचा अंदाज घ्या

हातात ट्रान्झिस्टर ॲम्प असेल तर हा प्रयोग कराच. २ ओहमचे, २० वॅटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर घ्या. ॲम्प बंद करा. प्रत्येक स्पीकरच्या पॉझिटिव्ह तारेत एक रेझिस्टर असा जोडा की ॲम्पकडून निघालेला करंट त्यातून जाऊनच स्पीकरला पोचेल. आता तुमच्या स्पीकरला समोरचा ॲम्प २ ओहमचा दिसतो, एखाद्या ट्यूब ॲम्पसारखा.

आवाज थोडा उतरेल, तेवढा व्हॉल्यूम वाढवा. नेहमीच्या पातळीवर, ओळखीची गाणी, काही संध्याकाळी सलग ऐका. मग रेझिस्टर काढून तीच गाणी.

स्वर भरदार झाला आणि हवाहवासा वाटला, तर तुमच्या स्पीकरना ट्यूब मानवण्याची शक्यता चांगली आहे. बास गढूळ झाला आणि पियानोचे खालचे स्वर एकमेकांत मिसळले, तर जास्त आउटपुट इम्पीडन्सचा ट्यूब ॲम्प तुमच्यासाठी नाही, हे काही खर्च होण्याआधी कळलं.

या प्रयोगात ट्यूबची हार्मोनिक विकृती (मूळ स्वराच्या पटीतल्या जादा स्वरांची भेसळ) येत नाही, त्यामुळे चित्र पूर्ण नाही. तरी मोठा भाग येतो. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी ‘स्टीरिओफाइल’ मासिकाचं आव्हान स्वीकारून आपला ट्रान्झिस्टर ॲम्प एका उंची ट्यूब ॲम्पशी जुळवून दाखवला होता, आणि मासिकाच्या संपादकांना ऐकून दोघांतला फरक सांगता आला नाही. ‘ट्यूबचा आवाज’ मोजता येतो आणि बऱ्याच अंशी घडवता येतो, हे त्यातून घ्यायचं.

सावधान: रेझिस्टर तापतात. लाकूड, कापड, गालिचा यांपासून दूर, फरशीच्या तुकड्यावर ठेवा. उघड्या टोकांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही हे पाहा. ट्रान्झिस्टर ॲम्पचं आउटपुट शॉर्ट झालं तर तो जळू शकतो.

## पायरी ५: घर आणि वापर तपासा

उष्णतेचा हिशेब आधी. ईएल३४ च्या हीटरला (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर लागतात, म्हणजे प्रत्येकी साडेनऊ वॅट. चार ट्यूब असल्या की एकही सूर वाजण्याआधी नुसत्या हीटरचे ३८ वॅट खोलीत उष्णता म्हणून उतरतात, आणि बाकी सर्किटची उष्णता वेगळी. असा ॲम्प बंद कपाटात ठेवता येत नाही. चारही बाजूंनी आणि वर मोकळी हवा लागते. काचेला हात लागला तर भाजतो. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर जाळीचं झाकण असलेलाच घ्या आणि ते काढू नका.

क्लास-ए, म्हणजे गाणं हळू असलं तरी आत सतत भरपूर करंट वाहता ठेवणारा ट्रान्झिस्टर ॲम्पही असाच तापतो. ‘ट्रान्झिस्टर म्हणजे थंड’ हे क्लास-डी ला सर्वांत जास्त लागू पडतं, क्लास-एबी ला बऱ्यापैकी.

मग झीज. आउटपुट ट्यूबचं (स्पीकरना वॅट पुरवणाऱ्या मोठ्या ट्यूबचं) आयुष्य ढोबळमानाने दोन ते पाच हजार तास. रोज तीन तास ऐकलंत तर वर्षाला हजाराच्या वर तास होतात. लहान, आधीच्या टप्प्यातल्या ट्यूब पुष्कळ जास्त टिकतात. आउटपुट ट्यूब बदलताना जुळवलेली जोडी घ्यावी लागते, आणि ॲम्प फिक्स्ड-बायस असेल तर दर वेळी बायस, म्हणजे ट्यूबमधून वाहणारा स्थिर करंट, हाताने लावावा लागतो. हे काम नको असेल तर सेल्फ-बायसचा, म्हणजे बायस आपोआप लावणारा, ॲम्प निवडा. त्यात वॅट थोडे कमी मिळतात, पण निगा फार सोपी.

टीव्हीचा आवाजही याच ॲम्पवरून येणार असेल, दिवसभर काहीतरी चालूच राहणार असेल, तर ट्रान्झिस्टर घ्या. ट्यूबचे तास बातम्यांवर घालवण्यात हशील नाही.

हायब्रिडबद्दल एवढंच: पुढे ट्यूब आणि मागे ट्रान्झिस्टर असतात, त्यामुळे आउटपुट इम्पीडन्स ट्रान्झिस्टरचाच. पायरी ४ मध्ये रेझिस्टरने जे आवडलं ते हायब्रिडमध्ये मिळणार नाही. काही स्वस्त हायब्रिडमध्ये ट्यूबखाली दिवा लावून ती उजळ दाखवलेली असते. त्या उजेडावर निर्णय घेऊ नका.

## पायरी ६: पातळी जुळवून ऐका

दोन ॲम्पची तुलना करताना जो किंचित मोठ्याने वाजतो तोच ‘जास्त खुला’, ‘जास्त जिवंत’ वाटतो. अर्ध्या डेसिबलचा फरक आवाज वाढल्यासारखा जाणवत नाही, दर्जा वाढल्यासारखा जाणवतो. पातळी न जुळवता केलेली तुलना म्हणूनच फुकट जाते.

१. ३०० हर्ट्झचा टेस्ट टोन मिळवा. साधे मल्टिमीटर काहीशे हर्ट्झच्या वर विश्वासार्ह नसतात, म्हणून १००० चा टोन घेऊ नका.

२. पहिला ॲम्प स्पीकरना जोडून टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. व्हॉल्यूम फिरवून १ व्होल्टच्या आसपास आणा, आकडा लिहा.

३. दुसऱ्या ॲम्पवर तोच आकडा आणा. १.०० आणि १.०१ इतका फरक चालेल, तो ०.१ डेसिबलच्या आत येतो. दोन्हींच्या व्हॉल्यूमच्या जागेवर खूण करा.

४. ट्यूब ॲम्प मोजण्याआधी अर्धा तास चालू ठेवा.

५. तारा दुसऱ्या कुणाला बदलायला सांगा आणि कुठला ॲम्प चालू आहे ते तुम्हाला सांगू देऊ नका. नोंदी लिहा, मग उघड करा.

ऐकायचं काय? साथीशिवायचा एकटा गळा, पियानो, डबल बास, आणि तंबोऱ्यासारखं हार्मोनिकांनी भरलेलं काहीतरी. सिंगल-एंडेड ट्यूब ॲम्पची विकृती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातली. एकट्या स्वराला ती भरीवपणा देते. खरी परीक्षा गर्दीच्या वाद्यवृंदात होते. तिथे अनेक स्वरांच्या एकमेकांवरच्या परिणामातून नवे, बेसूर स्वर तयार होतात आणि वाद्यं वेगळी ऐकू येईनाशी होतात. फक्त एकट्या गायकाची मुद्रणं ऐकून ट्यूब निवडणारे नेमके इथे चुकतात. पुश-पुल रचनेत सम हार्मोनिक बऱ्याच अंशी एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे ‘ट्यूब’ या एकाच नावाखाली दोन निराळे स्वभाव नांदतात. दोन्ही ऐका.

सावधान: ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर लोड नसेल तर आत प्रचंड व्होल्टेज उसळून ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूब कायमची जाऊ शकते. साध्या स्पीकर-स्विचने ॲम्प बदलू नका, कारण बदलताना एक ॲम्प लोडशिवाय राहतो. तारा हलवण्याआधी ॲम्प बंदच हवा.

## पायरी ७: घेण्याआधीची तपासणी

नवा ॲम्प असला तर मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज तुमच्या घरच्या विजेशी जुळतं का ते पाहा. जुना असेल तर जास्त वेळ द्या.

ट्यूब ॲम्प: काचेच्या आत, बहुधा माथ्याला, चंदेरी चकाकणारा डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि ती ट्यूब संपली. दिवे मंद करून ॲम्प दहा-पंधरा मिनिटं चालवा. हीटरचा नारिंगी उजेड ठीक. पण काचेच्या आतली राखाडी प्लेट लालसर होऊ लागली तर लगेच बंद करा, बायस बिघडलेला आहे. शेवटी पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने लहान ट्यूबवर अलगद टिचकी मारा. स्पीकरमधून घणघणल्यासारखा आवाज आला तर ती ट्यूब बदलावी लागेल.

ट्रान्झिस्टर ॲम्प: इनपुटला काही न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. १०० च्या वर असेल तर दुरुस्तीशिवाय घेऊ नका. हा डीसी तुमच्या स्पीकरच्या कॉइलमधून वाहणार आहे. व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर येते का, एक चॅनेल मधूनच जातो का, तेही बघा.

वीस वर्षांपेक्षा जुना कुठलाही ॲम्प असला तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, काळाने खराब होणारे भाग) बदलावे लागतील असं धरूनच सौदा करा.

सावधान: ट्यूब ॲम्पच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात. तळाचं झाकण उघडण्याचं काम जाणकाराचं.

## पायरी ८: पहिल्या दिवशीचा क्रम

ट्यूब ज्या त्या सॉकेटवर, खुणेप्रमाणे बसवा. तळाला धरून दाबा, काचेला धरून पिळू नका. आधी स्पीकर जोडा, मग इनपुटच्या तारा, सर्वांत शेवटी वीज. चालू करताना सोर्स (गाणं जिथून येतं ते उपकरण) आधी आणि ॲम्प नंतर. बंद करताना ॲम्प आधी. फिक्स्ड-बायसचा ॲम्प असेल तर पहिल्या अर्ध्या तासानंतर माहितीपत्रकाप्रमाणे बायस लावा, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा, आणि त्यानंतर काही महिन्यांनी एकदा. दर वेळचा आकडा तारखेसह लिहून ठेवा. एखाद्या ट्यूबचा आकडा इतरांपासून सरकत चालला की ती बदलायची वेळ जवळ आली.